हौद-तोटीचं गणित आणि अर्ध्या मिनिटाने येणारी खरखर

जुन्या व्हिडिओ गेमचा इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, लिहायला घेणाऱ्यांना हमखास भेटणारा एक दोष आहे. गेम सुरू होतो, चित्र सरसर सरकतं, संगीत स्वच्छ वाजतं. अर्धं मिनिट सगळं छान. मग स्पीकरमधून ‘टिक्’. सहा-सात सेकंदांनी पुन्हा ‘टिक्’. आणि मग ते थांबतच नाही. पहिला संशय मशीनवर जातो: प्रोसेसर कमी पडतोय, मागे काहीतरी चालू असेल. पण दुप्पट वेगाचं मशीन आणलं तरी टिक् त्याच ठेक्यात येत राहतो. कारण इथे काम उरकायला वेळ कमी पडत नाहीये. दोन घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीयेत.

व्हिडिओ प्लेअर, गेम, लाइव्ह प्रक्षेपण, सगळीकडे हीच भानगड असते. पण इम्युलेटरमध्ये ती सर्वांत उघडी दिसते, म्हणून उदाहरण त्याचंच घेऊ. यंत्र निन्टेन्डोचं ८-बिट: जपानमध्ये १९८३ साली फॅमिकॉम म्हणून आलेलं आणि पुढे अमेरिकेत एनईएस नावाने विकलं गेलेलं.

या यंत्राच्या पोटात २१.४७७२७२ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक आहे. त्याला १२ ने भागलं की प्रोसेसरची गती मिळते, १.७८९७७३ मेगाहर्ट्झ. ४ ने भागलं की चित्र काढणाऱ्या चिपची. एका चित्रात २६२ ओळी, प्रत्येक ओळीत ३४१ ठिपके, आणि चित्र चालू असताना एकाआड एका फ्रेममध्ये (म्हणजे चित्रात) एक ठिपका गाळला जातो. हा भागाकार पुरा केला की सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम येतात. साठ नाहीत, साठाहून जराशा जास्त. त्या काळी याची कुणाला फिकीर नव्हती. आवाजाची चिप प्रोसेसरच्याच पोटात होती, तीही त्याच स्फटिकावर चालायची, आणि काचेच्या नळीचा टीव्ही यंत्राकडून येईल त्या तालावर मुकाट्याने चालायचा. एकच घड्याळ, एकच ताल. त्यामुळे जुळवाजुळव करण्याचा प्रश्नच आला नाही.

आज तोच गेम कॉम्प्युटरवर चालवताना स्फटिक दोन होतात. साउंड कार्डावरचा एक, तो सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या लाटेची एकेक मोजमापं, मागतो. ग्राफिक्स कार्डाचा दुसरा, तो मॉनिटरला सेकंदाला ६० वेळा चित्र देतो. दोघांची एकमेकांशी ओळखदेख नाही. आणि मधे इम्युलेटर बसलाय, ज्याच्या मते सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम होतात.

हौद किती वेळात रिकामा होईल?

शाळेत हौद-तोटीची गणितं सगळ्यांनी सोडवली आहेत. एक तोटी हौद भरते, दुसरी रिकामा करते, तर हौद किती वेळात आटेल? ऑडिओ बफर म्हणजे नेमका तो हौद. इम्युलेटर वरून सॅम्पल ओततो, साउंड कार्ड खालून काढून घेतं.

आकडे घालून पाहू. एका फ्रेममध्ये इम्युलेटर ४८,००० भागिले ६०.०९८८, म्हणजे ७९८.६८ सॅम्पल तयार करतो. (अर्धवट सॅम्पल ओतता येत नाही, म्हणून कधी ७९८, कधी ७९९, आणि उरलेला अपूर्णांक पुढच्या फ्रेमच्या खात्यात. हा अपूर्णांक टाकून दिला तर तेवढ्यानेच सेकंदाला चाळीसेक सॅम्पलची गळती लागते.) आता समजा इम्युलेटर व्हीसिंकला बांधला आहे, म्हणजे मॉनिटरने चित्र बदललं की मगच पुढची फ्रेम चालते. मॉनिटर ६० चा, म्हणून सेकंदाला ६० फ्रेम. साठ गुणिले ७९८.६८ म्हणजे सुमारे ४७,९२१ सॅम्पल. साउंड कार्डाला हवेत ४८,०००. दर सेकंदाला ७९ सॅम्पलची तूट.

हौद ३,०७२ सॅम्पलचा धरू, म्हणजे ६४ मिलिसेकंदांचा. काठोकाठ भरून सुरुवात केली तर ३,०७२ भागिले ७९, साधारण ३९ सेकंदांत तळ दिसतो. प्रत्यक्षात थोडं आधीच, कारण साउंड कार्ड थेंबाथेंबाने पीत नाही. ते एका घोटाला ५१२ सॅम्पल मागतं. हौदात ५०० उरले असले तरी घोट अपुराच. म्हणून पहिला टिक् बत्तिसाव्या-तेहतिसाव्या सेकंदाच्या आसपास येतो. एक घोट चुकला की हौदात ५१२ सॅम्पलची बचत होते, ती ७९ च्या हिशेबाने साडेसहा सेकंद पुरते, मग पुढचा टिक्. वर सांगितलेला ठेका तो हाच. प्रोसेसरचा वेग या हिशेबात कुठे आलाच नाही, हे लक्षात घ्या.

हौद दुप्पट केला तर? टिक् एका मिनिटाच्या पुढे ढकलला जातो, नाहीसा होत नाही. वर आवाज दुप्पट उशिराने ऐकू येतो. बफर वाढवणं हा सगळ्यांना पहिला सुचणारा उपाय आहे आणि या दोषापुरता तो निव्वळ तारीख पुढे ढकलणं आहे.

कान आणि डोळा

मग उलट करू: मॉनिटरकडे दुर्लक्ष करायचं आणि इम्युलेटर आवाजाला बांधायचा. हौदात जागा झाली की पुढची फ्रेम चालवायची. आवाज अखंड राहतो, पण चित्र सेकंदाला ६०.०९८८ वेळा तयार होतं आणि मॉनिटर ६० च दाखवतो. दर १०.१ सेकंदांनी एक फ्रेम फुकट जाते. आडवा सरकणारा देखावा असेल तर पार्श्वभूमी मधेच एक ठेच खाल्ल्यासारखी पुढे उडी मारते.

एवढंच असतं तरी चाललं असतं. पण साउंड कार्डाचा घोट ५१२ चा, म्हणजे १०.६७ मिलिसेकंदांचा, आणि फ्रेम १६.६४ मिलिसेकंदांची. हौदात जागा होते ती १०.६७ च्या पायऱ्यांनी, त्यामुळे फ्रेम कधी १०.६७ मिलिसेकंदांनी सुटते तर कधी २१.३३ ने. सरासरी अगदी बरोबर, चाल मात्र लंगडी. घोट १,०२४ चा असेल तर लागोपाठ दोन फ्रेम एकदम सुटण्याचे प्रसंग येतात. सरासरी ६० दिसतेय म्हणून फ्रेम काउंटरवर विश्वास ठेवणारे इथे फसतात.

दोन्ही वाटांमध्ये तोटा आहे, पण तो सारखा नाही. एक फ्रेम दोनदा दिसली तर बरेच जण ओळखतही नाहीत, स्थिर दृश्यात तर नाहीच. आवाजात मात्र काही मिलिसेकंदांची भेगही कानाला टोचते. लाट वर चढत असताना मधला तुकडा गायब झाला की दोन टोकांमध्ये उभी कडा तयार होते, आणि उभी कडा म्हणजे एका क्षणात सगळ्या वारंवारिता एकदम. कान ती ‘टिक्’ म्हणून ऐकतो. म्हणून जास्तीचं सॅम्पल सरळ फेकून द्यायचं किंवा कमी पडलं की मागचंच पुन्हा घुसवायचं, ही युक्ती करू नये. सेकंदाला ७९ वेळा एकेक सॅम्पल घुसवलं तर टिक् जाऊन सलग गुरगुर येते, इतकाच फरक.

घोट चुकणारच असेल तर किमान कडा बोथट करावी: शून्यावर एकदम आपटण्याऐवजी शेवटच्या सॅम्पलपासून दोन-तीन मिलिसेकंदांत शून्याकडे उतरावं, आणि पुन्हा चालू करताना तसंच चढावं.

वाकवायचं काय, तर आवाजाचा वेग

आता मधली वाट. चित्राचं घड्याळ बदलता येत नाही. साउंड कार्डाचं घड्याळही नाही. पण एका फ्रेमपासून किती सॅम्पल काढायचे हे पूर्णपणे आपल्या हातात आहे. ७९८.६८ च्या जागी ८०० काढले तर ६० फ्रेममध्ये बरोबर ४८,००० होतात.

एनईएसच्या भाषेत सांगायचं तर, मूळ आवाज प्रोसेसरच्या प्रत्येक टिचकीला एक या दराने तयार होतो, आणि आपण दर ३७.२८७ टिचक्यांमागे एक सॅम्पल उचलत होतो. आता ३७.२२६ टिचक्यांमागे एक उचलायचं. बदल ०.१६५ टक्क्यांचा.

याने सूर उतरतो का? उतरतो, सुमारे २.८५ सेंट. शंभर सेंट म्हणजे पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर. आपल्या संगीतातल्या प्रमाणश्रुतीचं गुणोत्तर आजचे अभ्यासक ८१ भागिले ८० मानतात, म्हणजे सव्वा टक्का, साडेएकवीस सेंट. आपला बदल त्याच्या सातव्या हिश्शाएवढा आहे. शेजारी मूळ यंत्र ठेवून दोन्ही एकत्र वाजवले तर आंदोलनं ऐकू येतील. एरवी तयार कानालाही पत्ता लागणार नाही. गेमचा वेगही तितकाच उतरतो: तासाभराचा खेळ सहा सेकंदांनी लांबतो. स्पीडरन करणाऱ्यांना, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवण्याची शर्यत लावणाऱ्यांना, हे सहा सेकंद डोंगराएवढे, बाकीच्यांना काहीच नाही.

सॅम्पल ‘उचलायचे’ म्हटलं तरी मधले नुसते वगळून चालत नाही. चौकोनी लाटेत वरच्या वारंवारिता खच्चून भरलेल्या असतात आणि त्या घडी पडून खालच्या पट्ट्यात बेसूर शिट्टी होऊन येतात. त्यासाठी मर्यादित पट्ट्याचं रिसॅम्पलिंग लागतं, म्हणजे वरच्या वारंवारिता गाळून मग नव्या दराने सॅम्पल काढणं. ८-बिट यंत्रांसाठी ब्लिप बफर नावाची लायब्ररी नेमकं हेच करते: लाट जिथे उडी मारते तिथे तयार, घासून गोल केलेली उडी बसवते. दुसरी खबरदारी अशी की गुणोत्तर बदलताना रिसॅम्पलर मोडून नवा करायचा नाही. त्याच्या आतली जुनी सॅम्पल आणि अपूर्णांकातली जागा तशीच ठेवून फक्त पाऊल बदलायचं. दर फ्रेमला नवा रिसॅम्पलर म्हणजे दर फ्रेमला एक बारीक कडा, आणि सेकंदाला साठ कडा म्हणजे ६० हर्ट्झची घूं घूं. लोक मग अर्थिंग तपासत बसतात.

स्थिर दुरुस्ती का पुरत नाही

८०० काढले, ४८,००० झाले, संपलं? नाही. साउंड कार्डाचे ४८,००० हे नुसतं पाटीवर लिहिलेले आहेत. साध्या स्फटिकात दहा लाखांत पन्नासेक भागांची चूक असणं सर्रास आहे. म्हणजे खरा दर ४८,००२.४ असू शकतो. सेकंदाला २.४ सॅम्पलची तूट. अर्धा भरलेला हौद, १,५३६ सॅम्पल, ६४० सेकंदांत आटतो. दहा मिनिटं चाचणी करून ‘झालं’ म्हणणाऱ्याला अकराव्या मिनिटाला टिक् गाठतो. मॉनिटरचं तर विचारूच नका. सेटिंगमध्ये ६० लिहिलेला मॉनिटर प्रत्यक्षात ५९.९४ किंवा ५९.९५ ने चालतो हे अगदी नेहमीचं. आणि स्फटिकाची चाल तापमानाने बदलते.

म्हणून पाऊल एकदाच ठरवून चालत नाही, हौदाकडे बघत राहावं लागतं. पातळी खाली गेली की प्रत्येक फ्रेममधून किंचित जास्त सॅम्पल काढायचे, वर गेली की किंचित कमी. अनेक इम्युलेटर एका छताखाली चालवणाऱ्या रेट्रोआर्क या प्रोग्राममध्ये हीच पद्धत आहे; त्यामागचं गणित हान्स-क्रिस्टियान आर्न्ट्सेन यांनी २०१२ मध्ये मांडलं. सूत्र एका ओळीचं:

गुणक = १ + ड × (१ − २ × भराव)

भराव म्हणजे हौद किती भरलाय, ० ते १. ड म्हणजे जास्तीत जास्त किती वाकायची मुभा. नेहमीची किंमत ०.००५, अर्धा टक्का. हौद अर्धा असेल तर कंसात शून्य, गुणक १, काही करायचं नाही. रिकामा असेल तर अर्धा टक्का जास्त, काठोकाठ असेल तर अर्धा टक्का कमी.

सूत्र साधं आहे, पण ते हौद नेमका अर्ध्यावर आणत नाही. जिथे दोन्ही तोट्या सारख्या होतात तिथे ते थांबतं. स्थिर दुरुस्ती न करता फक्त या सूत्रावर सोडलं, तर ०.१६५ टक्क्यांची तूट भरून काढायला कंसाची किंमत ०.३३ लागते, म्हणजे भराव ०.३३५. हौद एक तृतीयांशावर, १,०३० सॅम्पलवर स्थिरावतो. एका फ्रेमचा ओघ ८०० चा आणि घोट ५१२ चा असताना १,०३० म्हणजे तळाच्या फार जवळ. एक फ्रेम जरा उशिरा आली की टिक्. तेच स्थिर दुरुस्ती आधी करून घेतली आणि सूत्राला फक्त पन्नास भागांची चूक सांभाळायला दिली, तर भराव ०.४९५ येतो. अर्ध्यापासून फक्त १५ सॅम्पल दूर. मोठी चूक स्थिर गुणोत्तराने मारायची, उरलेली बारीक सूत्राने. सगळं सूत्रावरच सोडलं तरी चालतं, पण हौदातली एक तृतीयांश सुरक्षितता फुकट जाते.

ड ची किंमत बदलून पाहायचा मोह होतो. ०.००५ आणि ३,०७२ च्या हौदात पातळी स्थिरावण्याचा कालांक (फरक साधारण एक तृतीयांशावर यायला लागणारा वेळ) सुमारे साडेसहा सेकंद येतो. म्हणजे सूर बदलतो तो इतका सावकाश की ऐकू येत नाही. ड दहापट केला, पाच टक्के, तर हौद चटकन सावरतो, पण लांब धरलेला सूर लटपटायला लागतो, जुन्या कॅसेटची टेप ओढली गेल्यावर होतो तसा. दहापट कमी केला तर पुरेसं वाकताच येत नाही.

पातळी मोजताना एक पथ्य पाळायचं. हौदाची पातळी सरळ रेषेत नसते, करवतीसारखी असते: ८०० ने उडी, मग ५१२ च्या पायऱ्यांनी उतार. म्हणून ती नेहमी एकाच क्षणी मोजायची, उदाहरणार्थ प्रत्येक वेळी नवी फ्रेम ओतण्याच्या लगेच आधी, आणि मागच्या काही मापांची सरासरी घ्यायची. कधी ओतण्याआधी आणि कधी ओतल्यावर मोजणारा कोड चूक नसताना सूर हलवतो.

मॉनिटरचा खरा दर काढायचा कसा? बहुतेक जण प्रोसेसरच्या घड्याळाने २,००० फ्रेम मोजतात, रेंगाळलेल्या एक-दोन फ्रेम वगळतात, आणि भागाकार करतात. चालतं. पण यात तिसरं घड्याळ विनाकारण मधे आलं. आपल्याला मॉनिटरचा दर सेकंदात नकोच आहे. हवंय ते हे की मॉनिटरच्या एका फ्रेममध्ये साउंड कार्ड किती सॅम्पल पितं. तेच सरळ मोजा: २,०४८ फ्रेममध्ये कार्डाने किती सॅम्पल नेले, भागिले २,०४८. जेमतेम ३४ सेकंदांचं काम, आणि ४८,००० खरे की खोटे हा प्रश्नच मिटतो.

ऑडिओच्या थ्रेडमध्ये काय करू नये

कार्ड घोट मागतं तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम आपलं एक फंक्शन हाक मारून बोलावते, त्याला कॉलबॅक म्हणतात. ते ऑडिओच्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रामच्या बाकी कामांच्या जोडीने स्वतंत्र चालणाऱ्या धाग्यावर, चालतं. ५१२ सॅम्पलच्या हिशेबात दर १०.६७ मिलिसेकंदांनी ही हाक येते आणि ठरल्या वेळात ओंजळ भरून द्यावीच लागते. या फंक्शनमध्ये नवी मेमरी मागायची नाही, फाइल उघडायची नाही, लॉगची ओळ छापायची नाही, आणि मुख्य म्हणजे लॉक (सामायिक डेटा एका वेळी एकाच थ्रेडला वापरू देणारं कुलूप) घ्यायचं नाही. लॉक ग्राफिक्सच्या थ्रेडकडे असेल आणि तो थ्रेड व्हीसिंकची वाट पाहत १६ मिलिसेकंद झोपला असेल, तर आवाज त्याच्या दाराशी ताटकळतो आणि घोट चुकतो. गंमत म्हणजे हा दोष लिहिणाऱ्याच्या मशीनवर दिसत नाही, दुसऱ्याच्याच मशीनवर दिसतो.

एक ओतणारा आणि एक पिणारा, इतकंच असेल तर लॉकची गरजच नाही. गोल फिरणारा बफर घ्या, लिहिण्याचा आकडा फक्त इम्युलेटर बदलेल, वाचण्याचा फक्त कॉलबॅक, आणि दोन्ही आकडे एका झटक्यात, मधेच न तुटता बदलणारे, म्हणजे अ‍ॅटॉमिक. जागा ४,०९६ ची, म्हणजे दोनच्या घाताएवढी ठेवा, म्हणजे गोल फिरणं बिटांवरच्या एका अँड (AND) क्रियेत होतं, आणि काठ ३,०७२ वर माना.

मोजमापाच्या एककात घोळ घालू नका. एका ठिकाणी ५१२ म्हणजे सॅम्पलच्या जोड्या असतात, दुसऱ्या ठिकाणी बाइट. १६-बिट स्टिरिओमध्ये एक जोडी ४ बाइटची. ५१२ बाइट म्हणजे फक्त १२८ जोड्या, २.६७ मिलिसेकंद. बफर ‘पुरेसा मोठा’ असूनही पहिल्या सेकंदापासून सलग खरखर येत असेल तर आधी इथे पाहा.

गेम थांबवला, खिडकी ओढली, लॅपटॉप झोपवला, की हौद भलत्याच पातळीला असतो. तिथून सूत्राला सावरायला लावू नये. हौद रिकामा करायचा, अर्धा शांततेने भरायचा, आणि चढत्या आवाजाने सुरू करायचं. गेम पहिल्यांदा सुरू करतानाही तसंच. राहिलेल्या फ्रेम भराभर चालवून गाठायचा प्रयत्न करणारे कोड असतात. खेळणारा परत येतो तोवर त्याचा नायक खड्ड्यात पडलेला असतो.

झोपेचं गणित

व्हीसिंक नसताना, किंवा १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर, फ्रेमची वेळ स्वतः राखावी लागते. इथली नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक फ्रेमनंतर ‘१६ मिलिसेकंद झोप’. त्याने ६२.५ फ्रेम होतात, १७ ने ५८.८. दोन्ही चूक. शिवाय विंडोजचं टायमर मूळ सेटिंगवर १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी चालतं, म्हणून १ मिलिसेकंद झोपायला सांगितलेला थ्रेड १५ नंतरही उठू शकतो. बरोबर पद्धत अशी: सुरुवातीची वेळ नोंदवा, आणि क्रमांक न ची फ्रेम ‘सुरुवात + न × फ्रेमकाळ’ या क्षणी सोडा. मग एखादी झोप लांबली तरी चूक साठत जात नाही. त्या क्षणाच्या दोन मिलिसेकंद आधीपर्यंत झोपा, उरलेला वेळ घड्याळ बघत जागे राहा.

घड्याळ एकाच दिशेने जाणारं घ्या, भिंतीवरचं नको. भिंतीवरचं इंटरनेटवरून दुरुस्त होताना मागेही सरकतं. आणि वेळ ३२-बिट फ्लोटमध्ये (अपूर्णांक ठेवणाऱ्या आकड्यात) सेकंदात ठेवू नका. साडेचार तासांनंतर त्या आकड्याची सगळ्यात बारीक पायरी जवळपास २ मिलिसेकंदांची होते. असा गेम सकाळी गुळगुळीत आणि दुपारी हिसके देणारा असतो.

जी-सिंक किंवा फ्रीसिंकसारखा बदलत्या दराचा मॉनिटर असेल तर बरंचसं ओझं उतरतं: मॉनिटरच ६०.०९८८ ने चालतो, जुन्या टीव्हीसारखा, आणि आवाजाला बांधून घेतलं तरी चित्र ठेचकाळत नाही. फक्त फ्रेम घोटाच्या पायऱ्यांवर न सोडता वर सांगितल्याप्रमाणे समान अंतराने सोडायच्या.

उशीर ही वेगळी गोष्ट

आतापर्यंत जे पाहिलं ते गतीचं न जुळणं. आवाज चित्रापेक्षा किती मागे आहे हा निराळा दोष आहे, आणि दोन्हींची गल्लत केल्याने दिवस वाया जातात. गतीचा दोष वेळेनुसार वाढतो. उशीर पहिल्या सेकंदाला जितका, तितकाच शेवटच्या.

थोडा उशीर माणसाला चालतो, कारण निसर्गातही आवाज मागूनच येतो. स्टेडियममध्ये खेळपट्टीपासून ७० मीटरवर बसलं तर चेंडू बॅटला लागलेला आधी दिसतो आणि ‘टक्’ २०० मिलिसेकंदांनी येतो. उलटं, आवाज आधी आणि दृश्य मागून, असं कधी घडत नाही. म्हणून ते लगेच खटकतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीतले आकडे हेच सांगतात: आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला की लक्षात येतो, मागे पडला तर १२५ पर्यंत लक्षात येत नाही. पण हे बघणाऱ्यासाठी. बटण दाबून उडी मारणाऱ्याला १२५ मिलिसेकंद म्हणजे चिखलात खेळल्यासारखं.

अर्धा भरलेला आपला हौद ३२ मिलिसेकंदांचा, त्यात ऑपरेटिंग सिस्टिमच्या मिक्सरची थोडी भर. चित्रालाही ड्रायव्हरच्या रांगेत एक ते तीन फ्रेम, म्हणजे १७ ते ५० मिलिसेकंद लागतात. त्यामुळे दोघे साधारण बरोबरीने पोहोचतात. ब्लूटूथ हेडफोन जोडला की हा तोल जातो. एसबीसी या ब्लूटूथवर आवाज आवळून पाठवायच्या साध्या पद्धतीत (कोडेकमध्ये) १५० ते २५० मिलिसेकंदांची भर पडते. व्हिडिओ प्लेअर चित्र तितकंच मागे ठेवून निभावून नेतो. गेममध्ये चित्र मागे ठेवणं म्हणजे खेळच मागे ठेवणं. तिथे वायरचा हेडफोन वापरा, हाच सोपा उपाय.

प्लेअरचा विषय निघालाच आहे तर: एफएफप्ले हा व्हिडिओ प्लेअर आवाजाला मुख्य घड्याळ मानतो आणि फरक ४० ते १०० मिलिसेकंदांच्या उंबरठ्यापलीकडे गेला तरच फ्रेम लांबवतो किंवा गाळतो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, ६० च्या पडद्यावर त्याची चाल आधीच तीन-दोन, तीन-दोन अशी असते, म्हणून हे खपतं. एमपीव्ही या दुसऱ्या प्लेअरमध्ये मात्र ‘डिस्प्ले-रिसॅम्पल’ नावाचा पर्याय आहे, तो इम्युलेटरच्याच वाटेने जातो: पडदा मुख्य, आवाज किंचित वाकवायचा.

वाकवण्यालाही हद्द आहे. पॅल, म्हणजे ५० हर्ट्झच्या पद्धतीच्या, टीव्हीसाठी बनवलेला एनईएस सेकंदाला ५०.००७ फ्रेम देतो, आणि तशाच टीव्हीसाठी बनलेले अनेक क्लोनही (दुसऱ्यांनी नक्कल करून बनवलेले डबे). साठच्या पडद्यावर तो ओढून बसवायचा तर वीस टक्के वाकवावं लागेल, सूर तीन पट्ट्या वर जाईल. रेट्रोआर्क पाच टक्क्यांपलीकडच्या फरकाला मुळात हातच लावत नाही. इथे मॉनिटर ५० किंवा १०० हर्ट्झवर नेणं हेच उत्तर. (क्लोनांची एक मजा: त्यांच्यात प्रोसेसरची गती जवळपास मूळइतकीच, १.७७३ मेगाहर्ट्झ, पण फ्रेम ५० च. गाणं पुढे सरकतं ते फ्रेमच्या ठोक्याने. त्यामुळे सूर जवळपास तोच, लय मात्र सतरा टक्के संथ. पॅल टीव्हीला असा डबा जोडून जो खेळला त्याच्या कानात ती संथ चालच मूळ म्हणून बसलेली असते, आणि इम्युलेटर पळतोय अशी तक्रार येते. तो पळत नसतो.)

तपासायचं कसं

दर सेकंदाला हौदाची पातळी फाइलमध्ये लिहा, कॉलबॅकमधून नव्हे, इम्युलेटरच्या बाजूने. किमान वीस मिनिटं चालू द्या आणि आलेख काढा. सावकाश एकाच बाजूला उतरणारी रेषा म्हणजे घड्याळांची गती जुळत नाही. सूत्राचं चिन्ह उलटं लिहिलं असेल तर ती रेषा दिवसेंदिवस नव्हे, सेकंदासेकंदाला वेगाने एका टोकाला जाऊन चिकटते. अर्ध्याच्या आसपास सपाट पण मधूनच खोल खाच, म्हणजे गती ठीक, एखादी फ्रेम अडकतेय. गुणकाला हात न लावता त्या क्षणी काय चाललं होतं ते शोधा. एक तृतीयांशावर सपाट असेल तर स्थिर दुरुस्ती राहून गेली आहे.

उशीर मोजायला पडद्यावर पांढरी फ्रेम आणि त्याच क्षणी ‘बीप’ असा छोटा प्रोग्राम लिहा. फोटोडायोड (प्रकाश पडला की वीज देणारा छोटा भाग) पडद्याला चिकटवून त्याची वायर रेकॉर्डरच्या डाव्या चॅनलला द्या, हेडफोनची वायर उजव्या चॅनलला. रेकॉर्डिंग उघडून दोन उड्यांमधले सॅम्पल मोजा. ४८ सॅम्पल म्हणजे एक मिलिसेकंद. डायोड पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात लावा. तळाला लावला तर चित्र वरून खाली रंगत येण्यातच सोळा मिलिसेकंदांपर्यंत जातात आणि तो उशीर आपलाच समजून आपण हौद उगाच मोठा करून बसतो.